जाणूनबुजून माहिती करून न घेतल्यास ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव टिकतो का?

आपण विचारले आहे की, दुसऱ्याने सोपवलेल्या गाडीत अंमली पदार्थ असल्याचा दाट संशय असूनही चालकाने मुद्दामच तपासणी केली नाही, तर तो गुन्हेगार ठरतो का. माझ्या मते ठरलाच पाहिजे. अमेरिकेत १९७६ साली निकाल लागलेल्या ज्यूएल खटल्यात, डिकी आणि मागचे आसन यांच्यामधल्या चोरकप्प्यात ११० पौंड गांजा सापडला होता. ती पोकळी आरोपीने पाहिली होती, तरीही त्याने आत काय आहे ते शोधले नाही. जाणीवपूर्वक केलेली डोळेझाक ही माहिती असण्याच्याच तोडीची आहे, असे म्हणून न्यायालयाने शिक्षा कायम केली.

मी एका भंगार व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत असताना तिथे रात्रीच्या वेळी तांब्याच्या पट्ट्या येत. त्यांवरचा मालकीचा ठसा ग्राइंडरने घासलेला असे आणि काळवंडलेल्या पट्टीवर तेवढीच जागा लखलखीत दिसे. मी बिल मागितले तेव्हा मालक म्हणाले, “कुठून आले ते विचारायचे नाही, वजन तेवढे लिहा.” पुढे चौकशी झाली तेव्हा त्यांनी अज्ञानाचाच आधार घेतला, आणि माझे वकील चुलतभाऊ घरात सर्वांसमोर त्यांची बाजू घेऊन म्हणाले की, ज्याने विचारलेच नाही त्याला माहीत तरी कसे असणार. ते इंग्लंडमधल्या १८६१ च्या स्लीप खटल्याचा दाखला देत, कारण त्यातही सरकारी खुणेचे तांबे बाळगणारा व्यापारी सुटला होता. मात्र तो सुटला याचे कारण, त्याला ती खूण माहीत होती किंवा त्याने तिच्याकडे मुद्दाम डोळेझाक केली, यांपैकी कोणताच निष्कर्ष ज्यूरीने दिला नव्हता. आमच्या मालकांनी तर प्रश्न विचारण्यासच मनाई केली होती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ग्लोबल-टेक या पेटंटच्या वादात दोन अटी सांगितल्या: ती गोष्ट असण्याची दाट शक्यता आरोपीला स्वतःला वाटत असली पाहिजे, आणि ती कळू नये म्हणून त्याने हेतुपुरस्सर काही केलेले असले पाहिजे. निव्वळ निष्काळजीपणा किंवा भाबडेपणा यात बसत नाही. माल सचोटीचा आहे असे ज्याला खरोखरच वाटत होते, त्याला या तत्त्वाखाली दोषी धरता येत नाही. शिवाय ही डोळेझाक माहितीची जागा घेते, उद्देशाची घेत नाही. म्हणून जिथे विशिष्ट उद्देश सिद्ध करावा लागतो, तिथे एवढ्यावर भागत नाही. आपल्या चालकाला कोणते कलम लागू होते, हे त्याच्या वकिलालाच पाहावे लागेल.

आपण स्वतः अशा ठिकाणी नोकरीला असाल, तर शंका तारीख घालून लेखी द्या आणि पोच घ्या. मी तसे केले होते. त्याला चुलतभाऊ आजही मालकाशी केलेली बेइमानी म्हणतात, आणि मला ते मुळीच मान्य नाही.