पावती फाडण्याआधी

थंडी पडली की नाशिकच्या शाळांच्या फाटकांवर ‘प्रवेश सुरू’चे फ्लेक्स लागतात आणि आमच्याकडे पत्रं वाढतात. त्यातली ही पाच. बहुतेकांना ‘चांगली शाळा कोणती?’ एवढंच हवं असतं. त्याचं एकच एक उत्तर नाही, म्हणून शाळा कशी तपासायची ते सांगतो.

मुलीला पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या शाळेत ज्युनियर केजीत घालायचंय. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलंय. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, ‘मान्यता प्रोसेसमध्ये आहे.’ पैसे दोन दिवसांत भरायचे आहेत. भरू का?
— एक आई, पाथर्डी फाटा

दोन दिवसांची घाई त्यांची आहे, तुमची नाही. ‘पॅटर्न’ म्हणजे पुस्तकं त्या धर्तीची, एवढंच. तो शब्द कुणीही रंगवून घेऊ शकतो.

यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), राज्य सरकारचं मान्यतापत्र आणि सीबीएसईचा संलग्नता क्रमांक, हे तिन्ही लेखी मागा. यूडायस ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होतो. संलग्नता सीबीएसईच्या ‘सारस’ संकेतस्थळावर स्वतः बघा: कितवीपर्यंत आहे, कधीपर्यंत आहे, आणि मुख्य म्हणजे पत्ता कोणता आहे. संस्थेची एक शाखा संलग्न असते आणि तिचाच क्रमांक दुसऱ्या शाखेच्या माहितीपत्रकावर छापून मोकळे होतात. मुलगी ज्या इमारतीत बसणार, तोच पत्ता तिथे दिसायला हवा.

हे सगळं उघडं पडतं नववीत. आठवीपर्यंत परीक्षा शाळेच्या, प्रगतिपुस्तकही शाळेचंच. नववीत मात्र विद्यार्थ्याची नोंदणी मंडळाकडे करावी लागते. संलग्नता नसली तर ‘नाव आमच्या दुसऱ्या शाखेत लावतो’ किंवा ‘स्टेट बोर्डाचा फॉर्म भरा’ असं ऐनवेळी सांगतात. त्या वयात बोर्ड बदललं की गणित आणि भाषा दोन्हीकडे मूल अडखळतं.

शाळा खरोखरच नवी असेल, तर संलग्नतेचा अर्ज केल्याची पोच दाखवायला त्यांना अडचण नसावी. ती दाखवत नसतील तर दुसरी शाळा बघा. आणि जी रक्कम पावतीवर येणार नाही, ती देऊ नका.

आम्ही सिडकोत भाड्याने राहतो. गेल्या वर्षी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतल्या मोफत राखीव जागांच्या) लॉटरीत मुलाचं नाव लागलं, पण पडताळणीत बाद झालं. कारण दिलं भाडेकराराचं. यंदा पुन्हा भरता येईल का?
— एक वडील, सिडको

पडताळणीत बाद झालात म्हणजे प्रवेश झालेलाच नाही, त्यामुळे मूल वयात बसत असेल तर भरून बघा. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात. वरचीही मर्यादा असते, ती यंदाच्या सूचनेत बघून घ्या.

तुमचा करार बहुधा नोटरीचा असणार. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, असं एजंट सांगतो आणि लोक तिथेच फसतात. आरटीईला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा करार लागतो आणि तो अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. लॉटरी लागल्यावर धावपळ करून केलेला करार चालत नाही. घरमालक नोंदणीला कुरकुर करतात, म्हणून बोलणी दिवाळीतच सुरू करा.

उत्पन्नाच्या गटातून भरत असाल तर वार्षिक १ लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त किंवा ओबीसीतून भरत असाल तर उत्पन्नाची अट नाही; तिथे वडिलांच्या किंवा मुलाच्या जातीचा दाखला चालतो. दोन्ही दाखले असले तरी गट एकच निवडायचा आणि त्याचीच कागदपत्रं जपायची.

आता नकाशा. अर्जात घराची जागा दाखवायला एक लाल फुगा असतो. तो बरोब्बर आपल्या इमारतीवर टेकवायचा. सायबर कॅफेतला मुलगा तो साधारण त्रिमूर्ती चौकात ठेवून ‘पुढे’ दाबतो. शाळेचं अंतर या फुग्यापासून मोजतात आणि १ किलोमीटरच्या आतल्यांचा नंबर आधी लागतो. पडताळणीत करारावरचा पत्ता एकीकडे आणि फुगा दुसरीकडे निघाला तर लागलेला प्रवेशही हातचा जातो. अर्ज कायम करण्याआधी मोबाईलवर तेच ठिकाण उघडून ताडून बघा.

शाळा १०पर्यंत निवडता येतात. नावाजलेल्या दोनच टाकून वाट बघत बसू नका. पण ज्या शाळेत मुलाला खरंच पाठवणार नाही, तीही टाकू नका. एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद होतात. एसएमएसवर विसंबू नका. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवरच बघत राहा.

एक गोष्ट फॉर्म भरताना कुणी बोलत नाही: ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागेल.

नातीला सेमी इंग्रजीत घालावं की पूर्ण इंग्रजीत? घरात रोज वाद होतात.
— एक आजोबा, पंचवटी

सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. घरात कुणी रोज इंग्रजी बोलत नसेल तर आमचा कौल सेमीला. मुलीला गोष्ट आधी कळते, मग तिचं इंग्रजी नाव कळतं.

पण ‘सेमी’ची पाटी बघून भुलू नका. चौथीतल्या तीन मुलांच्या विज्ञानाच्या वह्या मागून बघा. तिन्हींत उत्तरं शब्द न् शब्द सारखी, स्पेलिंगची चूकसुद्धा एकच, असं असेल तर शिक्षक फळ्यावर लिहितात आणि मुलं उतरवतात. उत्तरं वेडीवाकडी पण वेगवेगळी असतील, तर त्या वर्गात शिकवणं चाललंय. हीच परीक्षा पूर्ण इंग्रजी शाळेलाही लावा. सूनबाईंना आणि चिरंजीवांना सोबत न्या, वाद तिथेच मिटेल.

आम्ही नाशिकरोडला राहतो. मनात भरलेली शाळा गंगापूर रोडला आहे. बस घरापाशी येते. पाच वर्षांच्या मुलाला झेपेल?
— आई-बाबा, नाशिकरोड

आमचं मत स्पष्ट आहे: चौथीपर्यंत एवढ्या लांब नको. अंतर नकाशावर मोजू नका. शाळा सुटण्याच्या वेळी आठवड्यातून दोन दिवस दुचाकीने बसच्या मागे जाऊन बघा. द्वारका चौकात अडकलेली बस मुलाची दुपारची झोप आणि जेवण दोन्ही खाते. शिवाय २०२७मध्ये सिंहस्थ आहे. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरच्या अमृतस्नानांच्या आगेमागे वाहतूक वळवली जाणार, हे गृहीत धरा.

तरीही जायचंच असेल तर बसमध्ये स्वतः चढून बघा. वेगनियंत्रक (शहरात ताशी ४० किलोमीटर), खिडक्यांचे आडवे गज, अग्निशामक आणि महिला मदतनीस हे सगळं हवं. शाळेच्या परिवहन समितीत पालक प्रतिनिधी कोण आहे, तेही विचारा. नाव लगेच सांगता आलं नाही तर समिती कागदावरच आहे असं समजा. रिक्षात दहा-बारा मुलं कोंबणाऱ्या काकांचा पर्याय कितीही स्वस्त असला तरी नको.

फी वाढली म्हणून मुलाला सहावीतून काढून अनुदानित शाळेत घालतोय. जुनी शाळा थकबाकीसाठी शाळा सोडल्याचा दाखला देत नाही.
— एक पालक, जेलरोड

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तुमच्या बाजूने आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तिची प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्या आणि नव्या शाळेत मुलाला बसवा. थकबाकीचा वाद वेगळा चालू द्या. नव्या शाळेला ‘सरल’ या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर मुलाची मागणी टाकायला सांगा. जुनी शाळा ती अडवत असेल तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे शिक्षण विभागाचे अधिकारी) भेटा.

दाखला हातात पडला की तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, जात, जन्मस्थळ हे सगळं तुमच्याकडच्या मूळ कागदांशी जुळवा. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. नंतर तीच दुरुस्ती अवघड होते.