डोंबिवली ते कोपर

ताई,
माझं वय 36. डोंबिवलीला राहते, नोकरी घाटकोपरला. दीड वर्षापूर्वी सकाळच्या लोकलमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, घामाने भिजले. वाटलं, आता मी मरणार. कशीबशी मुंब्र्याला उतरले. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. तरी अधूनमधून तसंच होतं. सासूबाई म्हणतात, 'कामं टाळायची नाटकं. आमच्या वेळी नव्हतं असलं काही.' हे मात्र खूप समजून घेतात. आता लोकलने जाऊच देत नाहीत, गाडीने सोडतात, आणायलाही येतात. भाजीलासुद्धा सोबत असतात. पण सासूबाईंचे टोमणे सहन होत नाहीत. त्यांचं तोंड कसं बंद करू?
– नाव छापू नका

अगं, सासूबाईंचं तोंड बंद होणार नाही. त्या चुकीचं बोलतात, तुझा त्रास खरा आहे, आणि त्यांचा विषय मी इथेच संपवते. मला बोलायचंय ते तुझ्या नवऱ्याबद्दल.

कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमधून बायकोला रोज घाटकोपरला सोडणारा माणूस म्हणजे सहनशक्ती अफाट. पण तुझा आजार आज तोच पोसतोय.

त्या दिवशी लोकलमध्ये झालं ते बहुधा पॅनिक अटॅक. शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळतं, काळीज जोरात धावतं. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि गरगर. हे सगळं साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग आपोआप ओसरतं. तू ते ओसरताना पाहिलंसच नाहीस, मुंब्र्याला उतरलीस. मनाने हिशोब मांडला: उतरले म्हणून वाचले. तेव्हापासून रोज सकाळी नवरा गाडीची किल्ली उचलतो आणि तोच हिशोब पक्का करतो. आधी लोकल गेली, मग भाजीबाजार गेला. असंच चाललं तर नोकरी जाईल, आणि एक दिवस सोसायटीचं गेटही लांब वाटेल. हे प्रेमापोटी होतंय, मान्य. पण नुकसान व्हायचं ते होतंच.

हृदयाच्या डॉक्टरांचं काम झालं. आता याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पॅनिक डिसऑर्डर आहे का, त्याला अगोराफोबियाची, म्हणजे चटकन निसटता येणार नाही अशा जागांच्या भीतीची, जोड आहे का, हे तपासून ते सांगतील. यावर ज्या एसएसआरआय नावाच्या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्या देतात, त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी बेचैनी वाढूही शकते. म्हणून चार दिवसांत 'मला नाही सूट झाल्या' म्हणून बंद करू नकोस, डॉक्टरांना फोन कर. आणि शेजारणीच्या डब्यातली अर्धी झोपेची गोळी कुणी पुढे केली, तर घेऊ नकोस. गोळ्यांच्या जोडीला किंवा गोळ्यांशिवायही सीबीटी नावाची उपचारपद्धती आहे. तिच्यात टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने पुन्हा जायला शिकवतात. ती मिळेल का, हे स्वतःहून विचार. तोवर रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांकडे नवऱ्यालाही आत ने. बाहेर बाकावर बसून मोबाईल बघू देऊ नकोस. 'मी हिला सोडायला जातो' हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगू दे आणि डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू दे. त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

मग डॉक्टर हो म्हणाले की पहिला प्रवास डोंबिवली ते कोपर. दुपारची स्लो लोकल, बायकांचा डबा, तू एकटी. मध्ये स्टेशनच नाही, त्यामुळे आधी उतरायची सोय नाही. धडधडेल. धडधडू दे, त्या धडधडीशी भांडू नकोस. कोपरच्या बाकावर बसून ती ओसरेपर्यंत थांब आणि पुढच्या लोकलने परत ये. रिक्षा नाही. नवरा तेव्हा घरी असेल. कोपरच्या फलाटावर नाही, आणि फोनवरही नाही.