शिकागोला नातवंडांकडे जातोय, त्यांचा बेसबॉल संघ सारखा हरतो. त्यांच्यासोबत सामने कसे बघावेत?

तुम्ही लिहिलंय की मे ते ऑक्टोबर शिकागोला मुक्काम आहे, नात सात वर्षांची आणि नातू चार वर्षांचा आहे, घर व्हाइट सॉक्स या संघाच्या चाहत्यांचं आहे आणि संघ हरला की नात रडते. तुम्हाला क्रिकेट कळतं, बेसबॉल कळत नाही.

आधी संघाची खरी परिस्थिती. मुलांना खोटी आशा दाखवली तर ती दुसऱ्याच आठवड्यात उघडी पडते. २०२४ मध्ये हा संघ १६२ पैकी १२१ सामने हरला. १९०० नंतर एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. आधीचा आकडा १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२०. २०२४ मध्येच व्हाइट सॉक्स सलग २१ सामनेही हरले. २०२५ मध्ये ६० विजय मिळाले, १०२ पराभव झाले. सुधारणा मोठी, तरी सरासरी आठांत तीनच विजय. पण या खेळात चांगला संघसुद्धा वर्षाला साठेक सामने हरतो. म्हणून एका सामन्याच्या निकालावर घरातलं वातावरण ठरू देऊ नका. सामने बहुतेक तीन-तीनच्या मालिकांत होतात. नातीला मालिका मोजायला शिकवा. तीनांत एक जिंकला तर ठीक चाललंय, दोन जिंकले तर त्या दिवशी घरात शिरा करा.

दुसरं, तिला संघाबरोबर एक खेळाडूही निवडू द्या. इथे एक चूक नेहमी होते: तळाच्या संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू निवडला जातो आणि तोच विकला जातो. जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संघांमधल्या अदलाबदलीची मुदत संपते आणि हरणारे संघ नेमके तेव्हा चांगले खेळाडू देऊन तरुण मुलं घेतात. हिवाळ्यातही तेच चालतं. २०२४ चा इथला सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे त्याच डिसेंबरात बॉस्टनला गेला आणि बदल्यात आलेल्यांपैकी काइल टील हा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) पुढच्याच वर्षी व्हाइट सॉक्सकडून खेळला. खेळाडू स्वतःहून दुसरा संघ निवडायला मोकळा व्हायला मुख्य संघात साधारण सहा वर्षं लागतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षातला निवडा. कोल्सन मॉन्टगमरी जुलै २०२५ मध्ये आला आणि उरलेल्या हंगामात त्याने २१ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. असा खेळाडू मुलांना फार आवडतो, कारण त्याची बारी आली की काहीतरी घडेल असं वाटतं. तरीही अदलाबदल कुणाचीही होऊ शकते, त्यामुळे नाव छापलेल्या महागड्या जर्सीपेक्षा साधी टोपी घ्या.

आता खरं काम: सामन्याचं गुणपत्रक, म्हणजे स्कोअरकार्ड, लिहायचं. माझ्या मते सात वर्षांच्या मुलासाठी यासारखं दुसरं काही नाही. संघ ०-८ ने मागे असला तरी हातात काम उरतं. एक ए-फोर कागद आडवा धरा, नऊ ओळी आणि दहा रकाने आखा. ओळ म्हणजे फलंदाज, रकाना म्हणजे इनिंग (डाव, सामन्यात नऊ असतात), दहावा रकाना सामना लांबला तर. प्रत्येक चौकटीत छोटा चौकोन टोकावर उभा काढा, पतंगासारखा. बेस म्हणजे धावण्याच्या चौकोनाचे कोपरे. खेळाडू पहिल्या बेसवर पोचला की खालच्या कोपऱ्यापासून उजवीकडची रेघ, दुसऱ्यावर पोचला की वरची, असं करत घरी, म्हणजे फलंदाजीच्या कोपऱ्यावर, परतला की पूर्ण पतंग रंगवायचा. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आउटफिल्ड (मैदानाचा मागचा भाग) डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर आउट केलं की ६-३. तीन स्ट्राइकवर (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) आउट झाला तर इंग्रजी 'के', बॅट न फिरवता गेला तर तोच 'के' उलटा. मुलांना हा उलटा 'के' सर्वांत प्रिय.

यात दोन ठिकाणी गाडी अडते. एका इनिंगमध्ये नऊपेक्षा जास्त फलंदाज आले तर रकाना पुरत नाही. तेव्हा पुढचा रकाना वापरा आणि वरचा इनिंगचा आकडा बदला. बदली खेळाडू आला तर त्याच ओळीत नाव लिहून मध्ये उभी रेघ मारा. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर. सुरुवातीला फक्त आपल्याच संघाचा कागद भरा. नावं देवनागरीत लिहा. टील, मॉन्टगमरी लिहिताना वेलांट्या आणि जोडाक्षरं आपोआप गिरवली जातात, शुद्धलेखनाच्या वहीपेक्षा कितीतरी आनंदाने.

क्रिकेटवाल्यांसाठी एवढंच: इनिंग तीन आउटला संपते, संघाला एकूण २७ आउट मिळतात, आणि दहांत तीनदा हिट मारणारा (चेंडू मारून बेस गाठणारा) फलंदाज उत्तम मानला जातो. हे शेवटचं नातीला मुद्दाम सांगा.

मैदानावर जायचं तर रविवारची दुपार. सामना बहुधा १ वाजून १० मिनिटांनी असतो. ठरावीक रविवारी सामन्यानंतर मुलांना बेसवरून धावू देतात, त्या तारखा आधी बघून तिकीट काढा. रेड लाइन या लोकल रेल्वेचं सॉक्स-३५ स्टेशन मैदानाला लागूनच आहे. २०१९ मध्ये लीगमध्ये सर्वांत आधी इथेच दोन्ही फाउल पोलपर्यंत (मैदानाच्या कडांवरचे खांब) प्रेक्षकांना चेंडूपासून वाचवणारी जाळी लागली, तिच्यामागची जागा घ्या. नातवासाठी कानांवर लावायचे मफ न्या: आपल्या संघाचा होमरन झाला की स्कोअरबोर्डवरची चक्रं फिरतात आणि फटाके उडतात, चार वर्षांचं मूल दचकतं. तो चार इनिंगच्या वर बसणार नाही, त्याच्यासोबत फिरायला दुसरं मोठं माणूस हवं. साउथपॉ हा संघाचा हिरवा केसाळ मॅस्कॉट (वेश घातलेलं माणूस) दिसला की मात्र थोडा वेळ थांबेल. पाणी आणि घरचं खाणं नेण्याचे नियम संघाच्या साइटवर जाण्याआधी वाचा.

रोजचे सामने संध्याकाळी ६.४० च्या सुमारास असतात. पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ) आल्यापासून सामना अडीच-पावणेतीन तासांत संपतो, म्हणजे एका इनिंगला सतरा-अठरा मिनिटं. आठला झोपणारी मुलं पाचव्या इनिंगपर्यंत पोचतात. उरलेलं पत्रक तुम्ही भरा आणि सकाळी नाश्त्याला तिच्यासमोर ठेवा. आधी तिच्या खेळाडूच्या ओळीत काय झालं ते तिलाच वाचू द्या, निकाल मागाहून. हरले असतील तर 'असू दे, उद्या जिंकतील' म्हणू नका. उद्याचा पिचर कोण आहे ते दाखवा, ते एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे या लीगच्या) अ‍ॅपवर आदल्या दिवशी दिसतं.

ऑक्टोबरात परत आलात तरी पुढच्या उन्हाळ्यात हे चालू ठेवता येतं. शिकागोचे संध्याकाळचे ६.४० म्हणजे आपले पहाटेचे ५.१०. चहा घेत अ‍ॅपवर चेंडूमागून चेंडू बघा आणि साडेसहाला, मुलं झोपायच्या आधी, व्हिडिओ कॉल लावा. त्या वेळी पाचवी इनिंग चालू असेल आणि दोन्हीकडे तोच आखलेला कागद असेल.