घास चावताना दाढेत कळ येते, पण एक्स-रेत काहीच दिसत नाही. दाढेला तडा असेल का? आणि बाकीचे दात कसे जपायचे?

असू शकतो. एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त राहू नका.

तुम्ही लिहिलंय की कळ रोज येत नाही, एखाद्याच घासाला येते आणि गार पाणीही झोंबतं. आता एवढंच बघा, कळ दात दाबताना येते की दाब सोडताना? माझी सोडताना यायची. घास चावेपर्यंत काही नाही, जबडा उघडायला लागलो की एक जीवघेणी सणक, आणि पुढच्या क्षणी सगळं ठीक. नेमकी कोणती दाढ, तेही बोट ठेवून सांगता येईना. चार महिने दुसऱ्या बाजूने जेवून काढले. हा शुद्ध आळस होता, तुम्ही करू नका.

चावताना तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात आणि दाब गेला की झटकन मिटतात. दाताचं वरचं कठीण कवच म्हणजे एनॅमल, त्याखालचा थर म्हणजे डेंटिन. या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांतला द्रव या हिसक्याने हलतो आणि आतल्या नसेला ते लगेच कळतं. एक्स-रेचं म्हणाल तर दाढेचा तडा बहुधा पुढून मागे गेलेला असतो. किरण फटीत सरळ शिरले तरच रेघ उमटते, इथे ते तिला आडवे छेदून जातात.

माझ्या डेंटिस्टबाईंनी एक छोटी प्लास्टिकची काडी दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवली आणि "चावा... सोडा" असं सुरू केलं. तिसऱ्या उंचवट्याला मी खुर्चीतून उडालोच. मग त्यांनी दाढेत भरलेली जुनी चांदी काढली, बाजूने बारीक दिवा धरला आणि हातात आरसा दिला. अर्धी दाढ कंदिलासारखी उजळली होती, उजेड एका रेघेपाशी तुटला होता आणि पलीकडे अंधार. तुमच्या डेंटिस्टकडे या दोन्ही तपासण्या मुद्दाम मागून घ्या.

हाड जुळतं तसा दात जुळत नाही, एनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात. त्यामुळे वेळ काढण्यात फक्त तडा खोल जातो. माझं कॅपवर भागलं. कॅप दोन्ही बाजू आवळून धरते. नस सुजून ठणका लागला असता तर आधी रूट कॅनाल, आणि मुळापर्यंत दोन फाका झाल्या असत्या तर दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. (समोरच्या दातांवर उजेडात बारीक उभ्या रेघा दिसतात, त्या वेगळ्या. त्या वरवरच्या असतात, दुखत नसतील तर सोडून द्या.)

बाकीच्या दातांचं म्हणाल तर बर्फ चावणं आणि दाताने झाकण उघडणं बंद करा, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लोक विसरतात ते वेगळंच. ज्या दाढेत मोठं फिलिंग आहे तिच्या भिंती पातळ झालेल्या असतात. रूट कॅनाल केलेली दाढ तर कॅपशिवाय ठेवूच नये. दुखणं थांबलं की माणूस कॅपसाठी परत जात नाही, आणि मग एक दिवस साध्या घासाला तुकडा हातात येतो. तसा आलाच तर तो टाकू नका, दुधात ठेवून त्याच दिवशी डेंटिस्टकडे न्या. कधीकधी तोच परत चिकटवता येतो. अंगावर येणारे खेळ खेळत असाल तर माउथगार्ड घाला.

आणि घरच्यांना विचारा, झोपेत दात खाता का? मी ठामपणे नाही म्हणालो होतो. डेंटिस्टबाईंनी तरी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण, करून दिला. वर्षभरात त्यावर दाढांच्या जागी चांगले खड्डे पडलेत.