सुट्टीत कॉलेजचे तीन कोर्स? एक पुरे!

प्रश्न: ताई, आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. मुलगा दहावी संपवून अकरावीत जाईल. त्याच्या वर्गातली बरीच मुलं उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, कोर्स घेतात. ह्यांचं म्हणणं, यानंही कॅल्क्युलस, इकॉनॉमिक्स आणि इंग्रजी असे तीन कोर्स उरकून टाकावेत, म्हणजे पुढे कॉलेज तीन वर्षांत आटपेल. पण जुलैत पुण्याला सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तीन आठवडे तरी जावंच लागेल. मुलाला विचारलं तर नुसते खांदे उडवतो. आणखी एक धास्ती आहे. शाळेत असतानाच एवढी क्रेडिट्स घेतली तर यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) त्याला ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच आलेला विद्यार्थी तर धरणार नाहीत ना?
– एक आई, फ्रीमॉन्ट

उत्तर: धास्तीचं आधी मिटवते. नाही धरणार. शाळेत असताना, अगदी बारावी झाल्यावर लगेचच्या उन्हाळ्यातसुद्धा, कितीही कॉलेज कोर्स केले तरी यूसीच्या लेखी तो पहिल्या वर्षाचाच अर्जदार राहतो. मी कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलिंग ऑफिसात नोकरी केली, तेव्हा दर मे महिन्यात आईबापांचा हा प्रश्न ठरलेला असायचा.

आता तुमच्या ह्यांचे तीन कोर्स. कॉलेजात एका युनिटमागे, म्हणजे एका क्रेडिटमागे, साधारण ४८ तासांचं काम धरतात, वर्गातलं आणि घरचं मिळून. उन्हाळी सत्र बहुधा सहा आठवड्यांचं. म्हणजे इकॉनॉमिक्सचा तीन युनिटचा कोर्स आठवड्याला २४ तास खातो. कॅल्क्युलस पुष्कळ ठिकाणी पाच युनिटचा असतो. त्याचे झाले ४० तास, ही तर पूर्ण वेळेची नोकरीच झाली. वर इंग्रजीचे निबंध. हा हिशेब ह्यांच्यासमोर कागदावर मांडा, मी सांगितलं म्हणून सांगा. शिवाय बरीच कॉलेजं शाळकरी मुलांना उन्हाळ्यात एवढे युनिट घेऊच देत नाहीत.

पैशाचा मोह मला कळतो. नेहमीच्या विद्यार्थ्याला इथे युनिटमागे ४६ डॉलर पडतात आणि शाळकरी मुलांना बहुतेक कॉलेजं तेही माफ करतात; पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ फी तेवढी आपली. नामांकित विद्यापीठांच्या उन्हाळी कार्यक्रमांना लोक हजारो डॉलर मोजतात, आणि त्यातल्या कित्येकांत क्रेडिट एकही मिळत नाही. त्या मानानं हे सोनंच. पण फुकट आहे म्हणून पोतंभर उचलायचं नसतं. कॉलेजच्या कोर्सची ग्रेड कायमची नोंदवली जाते. एपीच्या, म्हणजे शाळेतच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत पाचपैकी दोनच गुण मिळाले तर ते कुणाला सांगू नयेत, विषय संपला. कम्युनिटी कॉलेजात ‘सी’ किंवा ‘डी’ पडली तर ती यूसीच्या अर्जात लिहावीच लागते. लपवली तर मिळालेला प्रवेशसुद्धा जाऊ शकतो. मुदत उलटून गेल्यावर कोर्स सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉवल, म्हणजे मध्येच सोडल्याचा शेरा) पडतो, तोही दिसतो. उलट, यूसीला चालणाऱ्या कोर्समध्ये चांगली ग्रेड आली तर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना जादा गुण धरतात, आणि दहावीनंतरचा हा उन्हाळा त्या हिशेबात येतो. म्हणजे खेळ दोन्ही बाजूंनी आहे.

तीन वर्षांत कॉलेज आटपण्याचं म्हणाल, तर इंजिनिअरिंगला त्याचा फारसा भरवसा धरू नका. तिथे एका कोर्सवर दुसरा अडकलेला असतो, सुटीसुटी क्रेडिट्स हाताशी असून साखळी आखूड होत नाही. पुष्कळ खासगी विद्यापीठं तर शाळेत असताना घेतलेली क्रेडिट्स मानतच नाहीत, विशेषतः तोच कोर्स हायस्कूलच्या डिप्लोमासाठी वापरला असेल तर. यूसी आणि कॅल स्टेटला (राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) कुठला कोर्स चालतो ते ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजवार दिसतं. नाव नोंदवण्याआधी तिथे पाहायला अर्धा तास खर्च करा.

माझं मत विचाराल तर एकच कोर्स, आणि तो कॅल्क्युलस नको. शाळेत तो वर्षभर निवांत शिकायला मिळणार आहे. शाळेत नाही असं काहीतरी बघा: खगोलशास्त्र, मानववंशशास्त्र, भाषणकला. मिशन बुलवर्डवरचं ओलोनी कम्युनिटी कॉलेज तुमच्या घराजवळ आहे. ते सेमिस्टरवर चालतं. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे त्याहून छोट्या सत्रांवर. त्यांचे चार युनिट म्हणजे ओलोनीचे पावणेतीनसुद्धा भरत नाहीत, तुलना करताना हे विसरू नका.

आणि निवड त्यानं करायची. आमच्या काउंटरवर एक आई आली होती, लेक शेजारी फोनमध्ये मान घालून उभा. मी त्याला विचारावं आणि उत्तर आईनं द्यावं, असं बराच वेळ चाललं. कोर्सचं नाव आईनं सांगितलं, वेळ आईनं सांगितली, बाळाला सकाळी उठवत नाही हेही तिनंच सांगितलं. शेवटी मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही त्या बाकावर जरा बसता का?” त्या बसल्या, आणि पोरगा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “मला सिरॅमिक्स घ्यायचंय.” चाक, भट्टी, सगळं त्याला ठाऊक होतं. वहिनींना राग आला असणार. पण खांदे उडवणाऱ्या मुलाच्या मनात काय असतं ते त्याला एकट्याला गाठून विचारल्याशिवाय कळत नाही. १९७४च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे कॉलेजातल्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा असतो, तो सोळा वर्षांचा असला तरी. तुम्ही फोन करून “आमच्या मुलाला किती पडले?” विचारलंत तर पलीकडची बाई गोड आवाजात नकार देईल. मीही तेच करायची.

राहिलं पुणं. सासूबाईंना तारीख पुढेमागे करायला सांगू नका, तो विषयच काढू नका. वर्गात बसायचा कोर्स जमणार नाही, हे उघड आहे. ऑनलाइन घेतला तर चालेल, पण ज्यात ठरल्या वेळी हजर राहावं लागत नाही असाच. त्यातही परीक्षा कॉलेजात येऊन द्यावी लागते का, हे त्यानं प्राध्यापकांना आधी ईमेलनं विचारावं. उन्हाळ्यात पुणं तुमच्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतं. कॉलेजची रात्री ११.५९ची मुदत म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी दुपारी १२.२९, ऐन पंगतीची वेळ! समारंभाच्या आदल्या रात्रीच काम पाठवून मोकळं व्हायचं. पहिल्या आठवड्यात मात्र रोज लॉगिन हवं, न फिरकणाऱ्याचं नाव प्राध्यापक काढून टाकतात आणि ती जागा दुसऱ्याला जाते.

अर्जाची घाई आत्ताच करा. शाळेची सही लागते, आणि जूनमध्ये शाळेचं ऑफिस थंडावतं. शाळकरी मुलांची नोंदणी सर्वांत शेवटी उघडते, त्यामुळे पहिल्या पसंतीचा कोर्स भरलेला असू शकतो. दोन पर्याय त्याला मनाशी तयार ठेवायला सांगा. अर्जात ईमेल त्याचाच घाला, तुमचा नको. वेटलिस्टमधून जागा सुटली की निरोप तिथेच येतो, आणि ती घ्यायला मुदत फार थोडी देतात.