आधी कोऱ्या पाण्याचा आलेख

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि सोबतचा आलेख मिळाला. चिपवरच्या अरुंद चॅनेलमधून द्रावण वाहवून, लेझरखाली त्याचा उजेड मोजून काढलेल्या त्या आलेखातले प्रत्येक शिखर म्हणजे रोडामिन ६जी या चमकणाऱ्या रंगद्रव्याचा एकेक रेणू, असे तू लिहिले आहेस. असेलही. परंतु त्याच चॅनेलमधून, त्याच लेझरखाली, रंगद्रव्य न घालता नुसता बफर (आम्लता स्थिर राखणारे क्षारांचे पाणी) वाहवून काढलेला आलेख पत्रासोबत नव्हता, आणि तो पाहिल्याशिवाय शिखरांविषयी मत देणे मला अवघड आहे.

१९९० साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत वाहत्या पाण्यातले रोडामिन ६जीचे सुटे रेणू ओळखले गेले. त्या संशोधकांनी लेझरचे स्पंद सोडले, स्पंदासरशी पाणी जो प्रकाश विखुरते तो मोजलाच नाही, आणि त्यानंतरच्या काही नॅनोसेकंदांत रेणूकडून येणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तेवढे मोजले. रेणूचा उजेड त्यांना वाढवता येण्याजोगा नव्हता. पाण्याचा उजेड मात्र वगळता आला. आपल्या कामातली निम्म्याहून अधिक मेहनत आजही याच वगळण्यात जाते.

लेझर जिथे एकवटतो ती जागा साधारण एक फेम्टोलिटरची, म्हणजे लिटरच्या दहा लाख अब्जाव्या भागाएवढी, असते. तेवढ्या जागेत तुझा एक रेणू असतो आणि पाण्याचे सुमारे ३,३०० कोटी. त्यांतला प्रत्येक अगदी किंचित रामन विकिरण करतो, म्हणजे लेझरचा प्रकाश तरंगलांबी बदलून विखुरतो, तरी सर्वांचे मिळून बरेच होते. ५३२ नॅनोमीटरचा लेझर असेल, तर पाण्याचा ठळक रामन पट्टा ६५० नॅनोमीटरच्या आसपास येतो. म्हणून तुझा फिल्टर ६०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश अडवतो की नाही, हे आधी तपासून घे. चॅनेल अरुंद केला की उजेडात येणारे पाणी कमी होते आणि रेणू कडेने निसटून जात नाही, हे खरेच. पण त्याच वेळी भिंती जवळ येतात, आणि भिंतींचे उपद्रव पाण्याहून वाईट असतात. रोडामिन ६जी धनभारित आहे, काचेचा पृष्ठभाग ऋणभारित, त्यामुळे तो काचेला चिकटतो. चिपसाठी वापरले जाणारे पीडीएमएस हे रबरासारखे सिलिकॉन तर असे लहान रेणू आत शोषून घेते आणि नंतर सावकाश सोडत राहते. मी नवशिका असताना एकदा दुपारभर सुंदर शिखरे मोजली आणि संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्याच चिपमधून कोरा बफर वाहवला, तर तीच शिखरे पुन्हा दिसली. आदल्या दिवशीचा रंग भिंतींतून परत येत होता. चहाचे पैसे गेले ते गेलेच.

आता तुझ्या उंबरठ्याविषयी. एका मिलिसेकंदात पाच किंवा अधिक फोटॉन आले की रेणू, हे तू कशावरून ठरवलेस? समज, कोऱ्या बफरमधून दर मिलिसेकंदाला सरासरी एक फोटॉन येतो. योगायोगाने घडणाऱ्या घटनांसाठीच्या पॉयसाँच्या नियमाने पाच किंवा अधिक फोटॉन एकाच मिलिसेकंदात येण्याची शक्यता ०.००३७ आहे. ही संख्या क्षुल्लक वाटते खरी, पण सेकंदात एक हजार मिलिसेकंद असतात. म्हणजे रेणू एकही नसताना दर सेकंदाला तीन-चार शिखरे दिसतील. उंबरठा आठवर नेला, तर असे खोटे शिखर सुमारे शंभर सेकंदांत एकदा येईल. लेझर वाढवून यातून सुटका होईल असे समजू नकोस: पार्श्वभूमीचा प्रकाश शक्तीच्या प्रमाणात वाढतच राहतो, रेणू मात्र एका मर्यादेनंतर संपृक्त होतो, म्हणजे त्याचा उजेड आणखी वाढत नाही, आणि लवकर विरंजितही होतो, म्हणजे कायमचा विझतो.

कोरा आलेख मनाजोगा शांत आला, की द्रावण विरळ करत जा. एक नॅनोमोलर (लिटरमध्ये एक अब्जांश मोल) द्रावणाच्या एका फेम्टोलिटरमध्ये सरासरी ०.६ रेणू असतात, म्हणजे तिथे दोन रेणू एकाच वेळी उजेडात येण्याचा धोका मोठा आहे. वीस पिकोमोलरपासून (पिकोमोलर म्हणजे नॅनोमोलरचा हजारावा भाग) सुरुवात कर, नंतर दहा, मग पाच. दर वेळी शिखरांची संख्या निम्मी व्हावी आणि त्यांची सरासरी उंची जवळपास तशीच राहावी. उंचीही उतरू लागली, तर तू सुटे रेणू पाहत नाहीस, गर्दी पाहतो आहेस. आणि संख्या कमी होतच नसेल, तर ती भिंतींची, धुळीची किंवा बफरमधल्या अशुद्धीची देणगी समज.

हे सारे नव्या चिपवर कर, जिला रंगाचा एकदाही स्पर्श झालेला नाही, आणि कोरा बफर नेहमी आधी वाहव, नंतर नव्हे. पुढच्या पत्रात कोऱ्या बफरचा एक आणि या तीन द्रावणांचे तीन, असे चारही आलेख एकाच मापावर काढून पाठव.

कळावे,
तुझा हितचिंतक