राग जगावर, वेळ संध्याकाळची

"नवरा रोज गांजा ओढतो आणि रात्री उशिरापर्यंत जगाचं राजकारण सांगत बसतो. युद्धं, बँका, औषध कंपन्या, सगळे आतून मिळालेले आहेत म्हणतो. दिवसा क्षुल्लक कारणावरून भडकतो. याचं डोकं फिरायला लागलंय का?"

थोड्याफार फरकाने ही काळजी घेऊन येणाऱ्या बायका, आया, बहिणी मला नेहमी भेटतात. त्यातल्याच एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा बाई एकट्याच आल्या. घरातली भांडणं गांज्यावरून कमी आणि नवऱ्याच्या बोलण्यावरून जास्त होती. तो बातम्यांवर बोलायला लागला की या म्हणायच्या, "हे तू नाही, तुझा माल बोलतोय." तिथेच ठिणगी पडायची. मग अबोला.

मी त्यांना आधी वेगळंच विचारलं. टीव्हीवरचा माणूस खास आपल्यालाच उद्देशून बोलतोय असं नवऱ्याला वाटतं का? कुणी पाळत ठेवतंय, जेवणात काही घालतंय असा संशय? आवाज ऐकू येतात? रात्र रात्र झोपच नाही, असं होतं का? घराण्यात कुणाला गंभीर मानसिक आजार? या सगळ्याचं उत्तर "नाही" आलं. यातलं एक जरी "हो" असतं, तर मी त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण हल्लीच्या गांज्यात टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या मुख्य रसायनाचं, प्रमाण काही दशकांपूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि काहींच्या मनाचा तोल त्यानं खरोखर जातो. पण "जग लबाडांच्या हातात आहे" हे मत म्हणजे भ्रम नव्हे. अशी मतं गांजाला कधी हातही न लावलेल्या माणसांची असतात.

पुढच्या वेळी नवरा आला, तो तयारीनिशी. बसल्या बसल्या त्यानं माझीच उलटतपासणी घेतली. उरुग्वेनं २०१३ मध्ये गांजा कायदेशीर करणारा कायदा केला, कॅनडानं २०१८ मध्ये, जर्मनीनं २०२४ मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा सर्वांत कडक यादीतून काढला. १९६१च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारानं त्याला हेरॉइनच्या पंगतीला बसवलं होतं, ते राजकारणच होतं. "मग मी पेशंट कसा?"

माहिती बरोबर होती. "त्याच कराराच्या पहिल्या यादीत, म्हणजे नियंत्रित पदार्थांत, तो अजूनही आहे, तेवढं सांगायचं राहिलं," मी म्हटलं. तो हसला. मग मी म्हटलं, दारूसुद्धा बहुतेक देशांत कायदेशीर आहे. त्यावरून अमुक माणसाला ती सोसते की नाही हे ठरत नाही. तुमच्या मतांशी मला भांडायचं नाही. तुम्ही कधी भडकता, ती वेळ मात्र मला बघायची आहे.

एक वही ठेवायची ठरली. राग आला की वेळ, कारण आणि शेवटचा झुरका कधी घेतला होता, एवढंच लिहायचं. वही मजेशीर निघाली. "५:४०. नव्या पासवर्डमध्ये एक चिन्ह हवं म्हणे. माउस फेकला. काल रात्री ११." "६:१५. कस्टमर केअर. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' वीस मिनिटं ऐकलं. तिच्यावर ओरडलो. काल रात्री ११." त्याखाली कुकीजच्या परवानग्या, फुकट म्हणून घेतलेलं आणि आता रद्दच होत नसलेलं सब्स्क्रिप्शन. (त्या कुकीजवर मीही चडफडते, गांजा न ओढता.)

जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळच्या होत्या. सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच ओढायचा. त्या दिवसांची पानं कोरी. पासवर्ड आणि कस्टमर केअर तर सातही दिवस तेच असतात. हे मी त्याला सांगितलं नाही, पानं उलटता उलटता त्याचं त्यालाच दिसलं. त्याची समजूत होती की जगाचा वैताग येतो म्हणून आपण ओढतो. त्या वैतागातला बराचसा भाग सवयीची वेळ जवळ आल्याचा होता.

रात्रीच्या भाषणांचं काय, हे त्यानंच शोधलं. एक रात्र फोनवर रेकॉर्ड केली आणि सकाळी ऐकली. मला म्हणाला, "मॅडम, दोन मुद्दे चोख होते. बाकी ठिकाणी मी वाक्य सुरू करतो आणि कुठे चाललो होतो तेच विसरतो." टीएचसीनं तात्पुरती स्मृती ढिली पडते, आणि त्याच वेळी साध्या गोष्टीतही फार मोठा अर्थ सापडल्यासारखा वाटतो. त्यामुळे सगळे धागे जुळलेत ही खात्री पक्की असते, धागे मात्र अर्धवट.

मग त्यानं एकदम बंद करायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी बाईंचा घाबरून फोन: "हा तर आणखीच बिघडला!" चिडचिड, घाम, जेवण नाही, झोप लागलीच तर विचित्र, ठसठशीत स्वप्नं. रोज ओढणाऱ्यानं थांबवलं की हे होतं. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही त्याची नोंद आहे. पहिला आठवडा सर्वांत वाईट, दोनेक आठवड्यांत बरंचसं ओसरतं, झोप सुधारायला जास्त वेळ लागतो. गांजा मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागांना तो चिकटतो त्यांच्यावर) काम करतो ते रोजच्या वापरानं कमी होतात आणि सुमारे चार आठवडे थांबल्यावर बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. म्हणजे नेमक्या वाईट दिवसांत "बघ, गांज्याशिवाय मी जगूच शकत नाही" असा निष्कर्ष काढला जातो, आणि पुष्कळ जण तिथेच परततात.

बाईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. रात्री तो अमलात असताना वाद घालू नका, सकाळी घाला. आणि "माल बोलतोय" हे वाक्य कायमचं बंद करा. त्याची औषध कंपन्यांवरची टीका काही ठिकाणी अगदी योग्य होती. बरोबर बोलणाऱ्या माणसाला नशेच्या नावाखाली गप्प केलं की तो चुकीचंही हट्टानं धरून ठेवतो.

पहिला महिना त्यानं काढला. मतं बहुतेक तीच आहेत, फक्त आता ती नाश्त्याच्या वेळी निघतात आणि बाई त्यांच्यावर तुटून पडतात. दोघांनाही ते आवडतंय असा मला संशय आहे. शनिवारी एकदा ओढायची मुभा त्यानं स्वतःच स्वतःला दिली आहे. मला ते पटलेलं नाही. शनिवारचा शुक्रवार, शुक्रवारचा गुरुवार होताना मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि हे मी त्याला बायकोसमोर सांगितलं. त्यावर तो म्हणाला की वही चालू ठेवतो. या महिनाअखेर दोघं ती घेऊन यायचे आहेत.